अंकांच्या बटणांवरून माऊस चालेना? नवा कीबोर्ड घ्यायच्या आधी हे तपासा

माऊसला हात न लावता, कीबोर्डच्या उजवीकडच्या अंकांच्या बटणांवरून पडद्यावरचा बाण हलवायची सोय विंडोजमध्ये आहे. तिचं नाव ‘माऊस कीज’. ८ दाबलं की बाण वर, २ ला खाली, ४ ला डावीकडे, ६ ला उजवीकडे. ७, ९, १ आणि ३ ला तिरपा. ५ म्हणजे क्लिक. कुणाचा माऊस ऐनवेळी बिघडतो, कुणाचं मनगट दुखतं, कुणाच्या हाताला कंप असतो, कुणाला एकाच हातानं काम करावं लागतं. अशा सगळ्यांचं काम यावर चालतं.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान कोल्हापुरात, राजारामपुरीत आहे. ‘काल चालत होतं, आज सकाळपासून बंद’ ही तक्रार माझ्याकडे मार्केट यार्डातल्या अडत दुकानांतून येते, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून येते, प्रबंध टाईप करणाऱ्या विद्यार्थ्यांकडूनही येते. यातल्या बऱ्याच जणांनी माझ्याकडे येण्याआधी नवा कीबोर्ड विकत घेतलेला असतो. जुना कीबोर्ड बहुतेक वेळा चांगलाच असतो. ते पैसे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी लक्षणं

येणारा माणूस ‘बंद पडलंय’ एवढंच म्हणतो. मी विचारतो, ‘८ दाबल्यावर नेमकं काय होतं?’ त्याचं उत्तर सहसा यातलं एक असतं:

– ८ हा आकडाच उमटतो.
– आकडा उमटत नाही, पण निवड एक ओळ वर जाते किंवा पान सरकतं. बाण जागचा हलत नाही.
– बाण हलतो, पण ५ दाबलं की क्लिक व्हायच्या ऐवजी मेनू उघडतो.
– बाण जाईल तिथपर्यंत सगळा मजकूर निळा होत जातो, किंवा फाईल बाणाला चिकटून मागोमाग येते.
– बाण फार हळू सरकतो.
– बटण बराच वेळ दाबून धरलं तरच काहीतरी होतं.
– कुणी हात लावला नाही तरी बाण एका कोपऱ्याकडे पळत सुटतो.
– माऊस कीज चालू करायची तीन बटणं दाबली तरी काहीच विचारलं जात नाही, उलट टायपिंग मराठीत होऊ लागतं.
– बाण दिसतच नाही.

तुमचं लक्षण यातलं कुठलं ते एका कागदावर लिहून ठेवा. शेवटी कुणाला बोलवायची वेळ आलीच तर त्या माणसाचा अर्धा तास वाचेल.

पहिली तपासणी: नम लॉक

अंकांच्या गठ्ठ्यात वर डावीकडे ‘नम लॉक’ हे बटण असतं. ते एकदा दाबा आणि पुन्हा ८ दाबून बघा. एवढंच. ना खर्च, ना वेळ. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी इथंच संपल्या आहेत.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा विचारावं लागणार नाही. अंकांच्या त्या गठ्ठ्यावर तीन कामं लादलेली आहेत. नम लॉक चालू असेल तर ती बटणं आकडे उमटवतात. बंद असेल तर तीच बटणं वर-खाली, होम, एंड, पेज अप अशी कामं करतात; ८ च्या टोपीवर, म्हणजे बटणाच्या वरच्या झाकणावर, बारीक बाण छापलेला दिसेल तो यासाठीच. माऊस कीज हे तिसरं काम. तिन्ही एकाच वेळी होणं शक्य नाही, म्हणून विंडोज नम लॉकच्या एका अवस्थेत माऊस कीज चालवतं आणि दुसऱ्या अवस्थेत तीच बटणं नेहमीच्या कामासाठी मोकळी सोडतं. कुठल्या अवस्थेत काय, हे एका सेटिंगवर ठरतं. त्याकडे पुढे येतोच.

यातून एक साधी परीक्षा मिळते. नम लॉक चालू ठेवून ८ दाबा, मग बंद करून ८ दाबा. दोन्हींपैकी एकदा जरी बाण हलला तरी माऊस कीज चालू आहेत आणि कीबोर्ड ठीक आहे. फक्त नम लॉकची बाजू उलटी झाली होती. एकदा आकडा उमटला आणि एकदा ओळ वर गेली, म्हणजे दोन्ही वेळा बाण हललाच नाही, तर माऊस कीज पूर्ण बंद आहेत. तेव्हाही कीबोर्ड ठीकच आहे, कारण बटण दाबल्याचं कॉम्प्युटरला कळतंय. दोन्ही वेळा काहीच झालं नाही, तरच कीबोर्डवर संशय घ्या.

‘पण मी नम लॉकला हातही लावला नव्हता,’ असं प्रत्येक जण म्हणतो, आणि ते खरंच असतं. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की आपल्याकडे दुपारी लाईट जाते. कॉम्प्युटर धाडकन बंद होतो, पुन्हा चालू होतो तेव्हा नम लॉक कुठल्या अवस्थेत उठेल हे मशीनच्या बायोसवर (मशीन चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामवर) आणि विंडोजवर असतं, काल तुम्ही कसं ठेवलं होतं त्यावर नाही. सकाळी पिन टाकताना अंकांच्या गठ्ठ्यावरून आकडे पडत नसतील तर नम लॉक बंद अवस्थेत उठलंय, ही खूण लक्षात ठेवा. बऱ्याच डेस्कटॉपच्या बायोसमध्ये ‘चालू होताना नम लॉक चालू की बंद’ असा पर्याय असतो. बायोसची सवय असेल तर तो बदलून घ्या. नसेल तर बायोसमध्ये शिरू नका, तिथं दुसरंच काही बदललं तर मशीन उठणार नाही.

काही वायरलेस कीबोर्डांना नम लॉकचा दिवाच नसतो. अशा वेळी ‘टॉगल कीज’ चालू करा. मग नम लॉक चालू होताना उंच आवाज येतो, बंद होताना खालचा. ज्यांना बारीक दिवा दिसत नाही त्यांच्यासाठीही ही सोय फार चांगली आहे. ती विंडोजच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये, कीबोर्डच्या पानावर मिळते.

दुसरी तपासणी: चुकून बदललेलं क्लिक

बाण हलतोय पण ५ दाबलं की भलतंच होतंय, ही तक्रार मला टॅलीवर, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर, दिवसभर बसणाऱ्यांकडून सर्वांत जास्त येते. त्याला कारण आहे. माऊस कीजमध्ये आकड्यांच्या आजूबाजूची चिन्हंही कामाला लावलेली आहेत:

भागाकाराचं / दाबलं की त्यापुढे ५ म्हणजे साधं, डावं क्लिक.
वजाबाकीचं - दाबलं की त्यापुढे ५ म्हणजे उजवं क्लिक.
गुणाकाराचं * दाबलं की दोन्ही बटणं एकदम.
बेरजेचं + म्हणजे डबल क्लिक.
शून्य म्हणजे माऊसचं बटण दाबून धरलं. टिंब म्हणजे सोडलं.

आता ज्याची बोटं तीस वर्षं बेरीज-वजाबाकी करतायत, त्याच्या हातून वजाचं बटण कधी दाबलं गेलं हे त्यालाच कळत नाही. एकदा ते दाबलं की माऊस कीज तशीच राहते. दुसऱ्यांदा ५ दाबलं तरी उजवंच क्लिक, दहाव्यांदा दाबलं तरी उजवंच. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचे दिवाणजी ऐन गुळाच्या हंगामात फोनवर म्हणाले, ‘दादा, पाच दाबतोय तर नुसता मेनू उघडतोय बघा. सौदे झालेत, हिशोबाच्या पट्ट्या काढायच्यात, शेतकरी दारात बसलेत.’ मी म्हटलं, ‘दिवाणजी, फोन ठेवू नका. भागाकाराचं बटण दाबा. आता पाच दाबा.’ पलीकडून दोन क्षण काही आवाज नाही. मग म्हणाले, ‘झालं की!’

शून्याचंही तसंच. शून्य दाबलं गेलं की माऊसचं बटण दाबूनच ठेवलंय असं कॉम्प्युटरला वाटत राहतं. मग बाण जाईल तिकडे मजकूर निळा होतो, फाईल ओढली जाते. अशा वेळी घाबरून इकडेतिकडे बटणं दाबू नका, एखादी फाईल दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाऊन पडायची. आधी एस्केप, मग टिंब दाबा. फाईल हललीच असेल तर कंट्रोल आणि झेड दाबून परत आणता येते.

म्हणून माझा नियम असा: काहीही विचित्र वागलं तर पहिल्यांदा टिंब, मग /. टिंबानं अडकलेली पकड सुटते, / नं क्लिक सरळ होतं. एक लक्षात ठेवा, ही बटणं माऊस म्हणून वागतायत तेव्हाच याचा उपयोग होतो. नाहीतर नुसतं टिंब उमटेल.

तिसरी तपासणी: माऊस कीज चालू आहेत का

डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबा. पडद्यावर माऊस कीज चालू करायच्या का असं विचारलं जाईल. एंटर दाबून ‘हो’ म्हणा. दोन्ही बटणं डावीकडचीच हवीत. उजवं शिफ्ट वापरून ‘काहीच होत नाही’ म्हणणारे मी बरेच पाहिलेत.

मराठी टाईप करणाऱ्यांनी इथं सावध राहायचं. डावं आल्ट आणि शिफ्ट ही जोडी विंडोजमध्ये भाषा बदलायलाही वापरली जाते. नम लॉक नीट दाबलं गेलं नाही, तर माऊस कीज राहतात बाजूला आणि कीबोर्ड मराठीवर जातो. मग पासवर्ड चुकतोय, टॅलीत इंग्रजी नाव पडत नाही, अशा वेगळ्याच तक्रारी सुरू होतात. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा परत आणा. ज्यांच्याकडे इन्स्क्रिप्ट किंवा दुसरा मराठी कीबोर्ड बसवलेला आहे त्यांनी ही तीन बटणं दाबायच्या भानगडीत न पडता सेटिंगमधूनच चालू करावं.

सेटिंगकडे माऊसशिवाय जायचं असं: विंडोजचं बटण आणि यू. अ‍ॅक्सेसिबिलिटीचं पान उघडतं. विंडोज १० मध्ये त्याचं नाव ‘ईज ऑफ अ‍ॅक्सेस’ आहे. खाली-वरच्या बाणांच्या बटणांनी ‘माऊस’ वर या, एंटर दाबा, टॅबनं माऊस कीजच्या चालू-बंद खटक्यावर जा आणि स्पेस दाबा. अडखळलात तर विंडोजचं बटण दाबून इंग्रजीत माऊस कीज असं टाईप करा, यादीत येईल.

ही सेटिंग प्रत्येक युजरची वेगळी असते. दुकानात दोघांचे दोन युजर असतील तर एकाचं चालू आणि दुसऱ्याचं बंद असू शकतं. ‘त्याच्या वेळेला चालतं, माझ्या वेळेला नाही’ याचं उत्तर बहुधा हेच.

चौथी तपासणी: ज्यामुळे तक्रार पुन्हा येते ती सेटिंग

याच पानावर एक खटका आहे: नम लॉक चालू असतानाच माऊस कीज वापरा. दिवसभर आकडे टाकणाऱ्यांसाठी मी तो बंद करून देतो. मग नम लॉक चालू म्हणजे आकडे, नम लॉक बंद म्हणजे माऊस. माऊस कीज कायम चालू ठेवायच्या, तीन बटणांच्या जोडीला हातच लावायचा नाही. मधला स्विच म्हणून एकटं नम लॉक पुरतं.

हे मला उद्यमनगरातल्या एका मुलानं शिकवलं. प्रेस मशीनवर काम करताना त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली. मालकानं त्याला ऑफिसात बिलं करायला बसवलं, आणि तो डाव्या हातानं बिलं करू लागला, जिद्दीनं. माऊस कीज त्याला कुणीतरी दाखवल्या होत्या. पण रोज सकाळी ते बंद पडायचं. एका दुकानानं त्याला आधी एक कीबोर्ड विकला, मग महिन्यानं दुसरा. तिसऱ्या वेळी तो माझ्याकडे आला तेव्हा दोन्ही कीबोर्ड पिशवीत घेऊन आला होता आणि दोन्ही ठणठणीत होते. सकाळी मशीन चालू झालं की माऊस कीज बंद असायच्या, आणि त्या चालू करायला लागणारी तीन बटणं कीबोर्डच्या दोन टोकांना. डाव्या हाताच्या पंजात ती एकदम मावत नव्हती. तो नाकानं नम लॉक दाबायचा. ते बघून मला वाईट वाटलं आणि रागही आला, की एवढे दिवस कुणी दोन मिनिटं शेजारी बसून बघितलं नाही.

त्याचा खटका बंद केला, माऊस कीज कायम चालू ठेवल्या. आकड्यांची यूएसबीची छोटी पट्टी वेगळी मिळते, ती त्याच्या डाव्या हाताखाली ठेवली. आता त्याला एकच बटण दाबावं लागतं.

मुळात ही सोय अशाच लोकांसाठी बनली आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरनं अपंग व्यक्तींसाठी केलेल्या कामातून ती आली आणि विंडोज ९५ पासून विंडोजमध्येच बसवलेली मिळते. तुमच्या-आमच्यासाठी ती माऊस बिघडल्यावरची सोय असेल, काही जणांसाठी तोच एकमेव रस्ता आहे. म्हणून ‘नवा माऊस घ्या की’ हे उत्तर देऊ नका.

पाचवी: हळू चालणं, उशिरा चालणं, न दिसणं

बाण हळू सरकत असेल तर त्याच पानावर वेग आणि प्रवेग अशा दोन पट्ट्या आहेत. बटण एकदा टिचकीसारखं दाबलं की बाण अगदी थोडा सरकतो, दाबून धरलं की हळूहळू वेग घेतो. वेगाची पट्टी म्हणजे तो शेवटी किती पळेल, प्रवेगाची म्हणजे तिथवर किती लवकर पोहोचेल. आधी प्रवेग वाढवा, मग वेग. कंट्रोल दाबून जोरात आणि शिफ्ट दाबून हळू, असाही एक पर्याय आहे, तो चालू करून ठेवा.

बटण बराच वेळ दाबून धरल्यावरच काही होत असेल तर ‘फिल्टर कीज’ चालू झाल्या आहेत. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून धरलं की त्या चालू करायचं विचारलं जातं, आणि कीबोर्डवर हात टेकवून बसायची सवय असेल तर हे नकळत होतं. अ‍ॅक्सेसिबिलिटीत कीबोर्डच्या पानावर बंद करता येतात. मात्र हाताला कंप असलेल्या माणसाचं मशीन असेल तर आधी विचारा. त्यांनी त्या मुद्दाम लावलेल्या असतात, म्हणजे थरथरत्या बोटाचे चुकीचे ठोके गाळले जावेत. तिथं बंद करू नका, वाट बघायची वेळ थोडी कमी करून द्या.

माऊस जोडलेलाच नसेल तर विंडोज बाण लपवूनही ठेवतं. माऊस कीज चालू केल्या की तो दिसू लागतो. तरीही सापडेना तर माऊसच्या जुन्या गुणधर्मांच्या खिडकीत, पॉइंटरच्या पर्यायांत, कंट्रोल दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळं दाखवायची सोय आहे.

सहावी: आकड्यांचा गठ्ठा आहे तरी का

हे बटणांच्या वरच्या ओळीतल्या आकड्यांवर चालत नाही. छोट्या लॅपटॉपवर उजवीकडचा गठ्ठाच नसतो. काही जुन्या लॅपटॉपवर यू, आय, ओ, जे, के, एल या अक्षरांच्या कडेला बारीक रंगीत आकडे छापलेले दिसतील. एफएन दाबून ती बटणं आकड्यांसारखी चालतात. उलट अशा लॅपटॉपवर नम लॉक चालू राहिलं की ‘के’ दाबल्यावर २ उमटतो आणि लोकांना वाटतं कीबोर्ड गेला. नव्या छोट्या लॅपटॉपवर हेही नसतं. त्यांना यूएसबीची आकड्यांची पट्टी घ्या. ही पहिली गोष्ट जिला पैसे लागतात, आणि ती पूर्ण कीबोर्डपेक्षा स्वस्त पडते.

मॅकवर गोष्ट वेगळी आहे. तिथं माऊस कीज चालू असताना आकड्यांचा गठ्ठा नसेल तर ७, ८, ९ आणि त्याखालची यू, ओ, जे, के, एल ही अक्षरं बाण हलवतात, आय क्लिक करतं. म्हणून मॅकवर ‘काही अक्षरंच उमटत नाहीत’ अशी तक्रार आली की आधी माऊस कीज बंद करून बघा.

सातवी: बटणांची स्वतःची तपासणी

इथवर येऊनही जमलं नाही तर आता कीबोर्ड हातात घ्या. माऊस कीज बंद करा, नम लॉक चालू ठेवा, नोटपॅड उघडा आणि ० ते ९ एकेक बटण दाबत जा. एखादा आकडा उमटत नसेल तर ते बटण गेलंय. एखादा आपोआपच उमटत सुटला असेल, ४४४४४४ असा, तर ते बटण खाली अडकलंय. बाण आपोआप कोपऱ्याकडे पळत होता तो त्यामुळेच.

अडत दुकानातल्या कीबोर्डची टोपी काढली की खाली काय निघतं ते सांगतो. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून चव बघितलेल्या हातानंच हिशोबाची पट्टी केली जाते. बोटाला लागलेला गूळ कडेनं आत उतरतो, पावसाळी दमट हवेत पाघळतो, हिवाळ्यात घट्ट होतो. एकदा ५ ची टोपी उचलली तर खाली तांबूस काचेसारखा थर होता आणि त्यात दोन मुंग्या जागच्या जागी चिकटलेल्या. ते बटण खाली जायचं ते वरच यायचं नाही.

साफ करायचं असेल तर कीबोर्डची वायर आधी काढा. मोबाईलवर एक फोटो घ्या, म्हणजे टोप्या परत लावताना घोळ होत नाही. साधी चौकोनी टोपी बोथट पट्टीनं हळूच वर उचलता येते. एंटर, + आणि ० या मोठ्या टोप्या मात्र काढू नका. त्यांच्याखाली बारीक तार असते, ती निघाली की परत बसवणं अवघड. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपाईल अल्कोहोल घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या. पाणी नको, घासलेट तर अजिबात नको.

उद्यमनगरातल्या मंडळींना विशेष विनंती: कॉम्प्रेसरची हवा कीबोर्डवर मारू नका. त्या लाईनमध्ये पाणी आणि तेलाचे थेंब असतात, आणि लेथवरचा बारीक लोखंडी कीस हवेनं बाहेर जायच्या ऐवजी आत घुसतो. कीबोर्ड उलटा करून मागून थोपटा, मऊ ब्रशनं झाडा.

मग यूएसबीचं दुसरं पोर्ट बघा, शक्यतो मशीनच्या मागचं. वायरलेस असेल तर सेल बदला. शेजाऱ्याचा कीबोर्ड पाच मिनिटं मागून आणून लावा. त्यावर सगळं चाललं तर तुमचा कीबोर्ड खराब आहे हे सिद्ध झालं आणि आता खुशाल नवा घ्या. त्यावरही चाललं नाही तर कीबोर्डवर पैसे घालू नका, दोष विंडोजमध्ये किंवा पोर्टमध्ये आहे.

इथं थांबा

पुढच्या गोष्टी घरी करू नका.

लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड उचकटू नका. टोपीखालच्या कात्रीसारख्या पकडी कागदाएवढ्या नाजूक असतात, आणि अख्खा कीबोर्ड मदरबोर्डला पातळ पट्टीनं जोडलेला असतो. ती पट्टी फाटली की शंभर रुपयांचं काम हजारांत जातं.

लॅपटॉपचा टचपॅड दबत नसेल, तळहात टेकायची जागा फुगून वर आली असेल, झाकण नीट बंद होत नसेल, तर हे बटणांचं दुखणं नाही. बॅटरी फुगली आहे. त्याच क्षणी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका, आणि जाणकाराकडे न्या. लिथियमची फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

चहा सांडला असेल किंवा पुराचं पाणी लागलं असेल तर ‘चालतंय का बघू’ म्हणून चालू करू नका. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं त्यानंतर माझ्याकडे जी मशीन आली, त्यात ओली असतानाच बटण दाबलेली मशीन वाचवणं फार अवघड गेलं.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींत, बदल करा असं सांगणारे व्हिडिओ बघून हात घालू नका. या दुखण्याला त्याची गरज पडत नाही. ऑफिसच्या मशीनवर सेटिंग करड्या रंगात दिसत असतील, बदलताच येत नसतील, तर ती तुमच्या ऑफिसनं कुलूपबंद केलेली आहेत. तिथल्या कॉम्प्युटर विभागाला सांगा. आणि मनगट दुखतं म्हणून तुम्ही माऊस कीजकडे वळला असाल आणि बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर कॉम्प्युटरवाल्याकडे नको, डॉक्टरकडे जा.

दुरुस्तीला द्यायचंच झालं तर देण्याआधी माऊस कीजच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. विंडोज नव्यानं टाकलं की हे सगळे खटके पुसले जातात आणि दुरुस्ती करणाऱ्याला त्यांची आठवण राहत नाही. मशीन परत घेताना दुकानातच, त्याच्यासमोर, नम लॉक एकदा दाबा, ८ दाबा, बाण वर जातो का ते बघा, ५ दाबा, आणि मगच पैसे द्या.